ग्रिफिथ जोन्स : फिरत्या शाळांचे पाळक

खेड्यांतील मंडळ्यांना भेटी देतांना एक गोष्ट आमच्या वारंवार पाहण्यांत येते. उपासनेच्या वेळीं शास्त्रपाठ वाचावयास जो उभा राहतो, तो बहुधा ठरलेलाच मनुष्य असतो. बाकीचे मुकाट्यानें ऐकतात. त्यांतील कित्येकांस वाचतां येत नाहीं. कित्येकांस येतें, पण चारचौघांत तोंड उघडण्याची लाज वाटते. असें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे मंडळींत दोन भाग पडतात : एक वाचणारांचा व एक ऐकणारांचा. ही भिंत डोळ्यांना दिसत नाहीं, पण ती फार उंच असते. ही भिंत पाडण्यासाठीं ज्यानें आपला सर्व जन्म वेंचला, अशा एका खेड्यांतील पाळकाचें चरित्र आम्ही आज सादर करितों. त्याला देवाघरीं जाऊन अडीचशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तथापि त्याचा धडा शिळा झालेला नाहीं.

इंग्लंडाच्या पश्चिमेस वेल्स नांवाचा लहानसा डोंगराळ देश आहे. त्याची भाषा इंग्रजीहून अगदीं निराळी आहे. या देशांतील कारमार्थनशायर परगण्यांत, पेनबॉयर नांवाच्या पॅरिशांत, 1684 च्या सुमारास ग्रिफिथ जोन्स यांचा जन्म झाला. लहानपणीं ते मेंढरें राखीत. शरीर प्रथमपासूनच दुबळें व दमेकरी. थोडें चाललें कीं धाप लागे. परंतु विद्येची गोडी मोठी, म्हणून कारमार्थन येथील शाळेंत त्यांचें शिक्षण झालें, व 1708 सालीं त्यांस इंग्लंडच्या मंडळीचे दीक्षित सेवक नेमण्यांत आलें.

कांहीं काळ त्यांनीं लार्न या गांवीं सेवा केली व तेथील धर्मार्थ शाळाही पाहिली. त्यांचा उपदेश ऐकण्यास दूरदूरचे लोक येत. देवळांत माणसें मावत नसत, तेव्हां ते बाहेर उघड्यावर बोलत. यामुळें आसपासच्या कांहीं पाळकांस वैषम्य वाटलें, व 1714 सालीं बिशपापुढें त्यांची चौकशीही झाली. दुसऱ्याच्या पॅरिशांत जाऊन हा मनुष्य उपदेश कां करितो, असा आक्षेप होता. जोन्ससाहेबांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, लोक बोलावतात व त्यांस उपदेश करणारा कोणी नाहीं, म्हणून आपण जातों.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यांत एक प्रसंग आला, तो आम्हां हिंदी ख्रिस्ती लोकांस विशेष जवळचा आहे. आपल्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर ट्रान्क्वेबार येथें 1706 पासून झिगेनबाल्ग यांचें मिशनकार्य चाललें होतें. त्या कार्यास लंडनची ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्था साह्य करीत असे. त्या संस्थेनें ग्रिफिथ जोन्स यांस हिंदुस्थानांत जाण्याविषयीं विचारलें. त्यांनीं पुष्कळ विचार केला, प्रार्थना केली, आणि शेवटीं 1713 सालीं नकार कळविला. आपलेच देशबांधव घोर अज्ञानांत पडले आहेत, त्यांना सोडून जाणें आपणांस योग्य वाटत नाहीं, असें त्यांच्या मनानें घेतलें. पुष्कळांस वाटेल कीं, ते मागें राहिले. परंतु दूरदेशीं जाण्यास जसें पाचारण लागतें, तसेंच आपल्याच गांवीं राहण्यासही लागतें, आणि तें दुसरें पाचारण पुष्कळदां अधिक कठीण असतें, असें आम्हांस वाटतें.

1716 सालीं पिक्टन किल्ल्याचे सर जॉन फिलिप्स या धर्मशील गृहस्थांनीं त्यांस लानडाउरर या खेड्याचें पाळकपण दिलें. चार वर्षांनीं सर जॉन यांच्या बहिणीशीं त्यांचा विवाह झाला. त्या खेड्याचें पाळकपण त्यांनीं मरेपर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षें, सांभाळिलें.

आतां त्या लोकांची स्थिति ऐका. वेल्श भाषेंत संपूर्ण पवित्र शास्त्र 1588 सालींच छापून झालें होतें. प्रत्येक देवळांत तें ठेविलेलें असे. म्हणजे ग्रंथ होता, भाषा होती, देऊळ होतें. नव्हता तो वाचणारा. शेतकरी, मजूर, मोलकरणी यांस अक्षर ठाऊक नव्हतें. धर्मार्थ शाळा कोठें कोठें होत्या, पण त्यांतील बहुतेकांत इंग्रजींतून शिकवीत. गरिबाचें मूल परक्या भाषेचीं अक्षरें घोकी, अर्थ मुळींच न कळे, आणि पेरणीचे दिवस आले कीं बाप त्याला शेतावर घेऊन जाई. मग शिकलेलें सर्व वाऱ्यावर जाई.

ही स्थिति जोन्ससाहेबांच्या ध्यानांत कशी आली, ती हकीकत मोठी हृदयस्पर्शी आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारीं ते लोकांस जमवून शास्त्राचा अर्थ सांगत व प्रश्न विचारीत. परंतु ज्यांस या शिक्षणाची सर्वांत अधिक गरज होती, तेच लोक येत नसत. पोक्त वयाच्या माणसांस आपलें अज्ञान उघडें पडण्याची लाज वाटे. तेव्हां त्यांनीं एक युक्ति केली. प्रभुभोजनाच्या वेळीं जमणाऱ्या दानाच्या पैशांतून भाकरी विकत घेऊन त्या गरिबांस वांटण्याचें ठरविलें. गरीब लोक भाकरी घेण्यास आले म्हणजे ते त्यांस रांगेनें उभे करीत, व एक दोन सोपे प्रश्न विचारीत. ज्यांस थोडें येतें अशांस प्रथम विचारीत, म्हणजे बाकीच्यांस उत्तर ऐकूनच कळावें व कोणाचा मुखभंग होऊं नये. हळूहळू लोकांची भीड चेपली. तेव्हां जोन्ससाहेबांस दिसून आलें कीं, हे लोक मंदबुद्धीचे नाहींत. केवळ वाचतां येत नाहीं, म्हणून ऐकलेला उपदेश त्यांच्या मनांत टिकत नाहीं. पोटाच्या भाकरीबरोबर दुसरी भाकरी त्यांना स्वतःच्या हातांनीं घेतां आली पाहिजे, असें त्यांस वाटूं लागलें.

1731 च्या सुमारास त्यांनीं लानडाउरर येथें वेल्श भाषेची शाळा काढिली. पुढें त्यांतूनच फिरत्या शाळांची योजना निघाली. ती अगदीं साधी होती. एखाद्या गांवच्या पाळकानें किंवा लोकांनीं मागणी केली कीं, तेथें एक शिक्षक पाठवावयाचा. शाळा हिवाळ्याच्या सुमारास, शेतीचीं कामें मंद असतांना, सुमारें तीन महिने भरे. देवळांत, रिकाम्या घरांत किंवा धान्याच्या कोठारांत, जेथें जागा मिळेल तेथें. मोठी इमारत नाहीं, मोठा खर्च नाहीं. लोक वाचूं लागले कीं शिक्षक पुढच्या गांवीं जाई, आणि गरज पडल्यास पुन्हां येई. दिवसां मुलें व सवड असलेलीं माणसें येत. ज्यांस दिवसभर राबावें लागे, त्यांच्यासाठीं संध्याकाळीं वर्ग भरे. शिकवणें मातृभाषेंत. वेल्श लिपींत जसा उच्चार तसेंच अक्षर, आमच्या बाळबोधाप्रमाणेंच. म्हणून तीन महिन्यांत मनुष्य बऱ्यापैकीं वाचूं लागे. इंग्रजींतून शिकविण्यास वर्षें लागतील, आणि तेवढ्या अवधींत किती वृद्ध माणसें देवाचें वचन न वाचतांच मरून जातील, हा त्यांचा टीकाकारांस सवाल असे.

या शाळांत कोण कोण बसत? सहा वर्षांचें मूल, आणि त्याच बांकावर सत्तर वर्षांचा म्हातारा. घरधनी व त्याचा गडी. मालकीण व तिची मोलकरीण. आई व तिची लेक. कित्येक गांवीं मुलांपेक्षां मोठ्या माणसांचीच संख्या अधिक असे. मुलें शाळेंत शिकून रात्रीं चुलीपाशीं आईबापांस वाचून दाखवीत, आणि आईबाप त्यांच्याकडून अक्षरें शिकत. दिवसभर एक हुकूम देतो व दुसरा ऐकतो. परंतु संध्याकाळीं दोघेही त्याच ओळीवर अडखळतात, आणि पुष्कळदां गड्याचें बोट धन्याच्या आधीं पुढच्या शब्दावर जातें. असें एक हिवाळाभर झाल्यावर त्या दोघांचें एकमेकांकडे पाहणें पूर्वीसारखें राहत नाहीं. गांवोगांवच्या पाळकांनीं जोन्ससाहेबांस पत्रें लिहून कळविलें कीं, देवळांत लोक वाढले, रविवारचा दंगा कमी झाला, घरोघर वाचन व प्रार्थना होऊं लागली. हीं पत्रें ते आपल्या वार्षिक अहवालांत छापीत.

अहवालांतील आंकडेही पाहण्यासारखे आहेत. 1737 सालीं 37 शाळा व सुमारें 2,400 विद्यार्थी होते. 1761 पर्यंत भरलेल्या शाळांची बेरीज 3,300 हून अधिक झाली, व त्यांत शिकलेल्यांची संख्या दीड लाखांवर गेली. संध्याकाळीं येणारे पुष्कळ प्रौढ या हिशेबांत धरलेलेच नाहींत. त्या काळीं सर्व वेल्सची लोकसंख्या चार ते पांच लाखांच्या दरम्यान होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कामाचा विस्तार कळतो. पुढें 1764 सालीं रशियाच्या कॅथरीन बादशाहिणीनेंही या शाळांची माहिती मागविली होती.

हें सर्व सुखासुखीं झालें नाहीं. शिक्षकांचा पगार अत्यल्प, वर्षास तीन चार पौंड. आणि तेवढाही पैसा श्रीमंतांची दारें ठोठावून मिळवावा लागे. कित्येक पाळकांनीं आपलीं देवळें या शाळांस दिलीं नाहींत. हे शिक्षक मंडळींत फूट पाडणारे आहेत, असा बोभाटा झाला. 1752 सालीं शेजारच्याच एका पाळकानें जोन्ससाहेबांविरुद्ध कडक शब्दांत पुस्तिका छापिली. त्यांनीं वादांत फार वेळ घालविला नाहीं. पुढच्या हिवाळ्याच्या शाळा भरविल्या.

त्यांच्या कार्यांत उणें कांहींच नव्हतें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्या शाळांत वाचन व धर्मशिक्षण एवढेंच देत. लिहिणें व हिशेब शिकवीत नसत. गरीब मनुष्य शिकून आपली पायरी सोडील, अशी धनिकांस भीति होती, आणि तसें होणार नाहीं असा भरंवसा जोन्ससाहेब त्यांस देत. आज आम्हांस हें पटत नाहीं. परंतु एकदां वाचावयास शिकलेला मनुष्य कोणत्या पायरीवर थांबेल, हें कोणाच्या हातीं राहत नाहीं. वेल्सचा पुढील इतिहासच याची साक्ष देतो.

या कामीं त्यांस एका बाईचें अमोल साह्य झालें. लार्न येथील ब्रिजेट बेवन या सधन घराण्यांतील बाईंनीं आपला पैसा, वजन व वेळ या शाळांस वाहिला. पत्नीच्या मरणानंतर वृद्ध व आजारी जोन्ससाहेब त्यांच्याच घरीं राहिले, आणि तेथेंच 8 एप्रिल 1761 रोजीं त्यांनीं प्रभूच्या ठायीं विश्राम घेतला. बेवनबाईंनीं पुढें अठरा वर्षें काम चालविलें. 1779 सालीं त्या वारल्या, तोंवर शिकलेल्यांची संख्या तीन लाखांच्या घरांत गेली होती. मरतांना त्यांनीं शाळांसाठीं दहा हजार पौंड ठेविले. परंतु नातलगांनीं मृत्युपत्रास हरकत घेतली, प्रकरण कोर्टांत गेलें, आणि तो पैसा सुमारें तीस वर्षें तेथें अडकून पडला. शाळा बंद झाल्या.

मग सर्व श्रम व्यर्थ गेले काय? नाहीं. पैसा अडकला, पण वाचन अडकलें नाहीं. आजोबांनीं नातवांस शिकविलें होतें. त्याच कारमार्थनशायरांत जन्मलेले टॉमस चार्ल्स यांनीं 1785 च्या सुमारास उत्तरेकडे बाला येथून फिरत्या शाळा पुन्हां सुरू केल्या, व पुढें मुलांबरोबर प्रौढांच्याही शब्बाथशाळा काढिल्या. यांपैकीं एका शाळेंत वाचावयास शिकलेली मेरी जोन्स ही गरीब विणकराची मुलगी, शास्त्राची प्रत घेण्यासाठीं 1800 सालीं सुमारें पंचवीस मैल बालापर्यंत चालत गेली, ही गोष्ट आमच्या शब्बाथशाळेंतील मुलांस ठाऊक आहे. अशा वाचकांस प्रती पुरविण्याच्या विवंचनेंतूनच 1804 सालीं लंडनांत बायबल सोसायटी स्थापन झाली. हिंदी भाषांतील शास्त्राच्या भाषांतरांस व छपाईस त्या सोसायटीनें जें साह्य केलें, त्याचा लाभ आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांसही झाला आहे. हिंदुस्थानास न येतांच ग्रिफिथ जोन्स यांचे श्रम आमच्या दारापर्यंत येऊन पोंचले, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

वाचकहो, आतां आपल्याकडे पाहूं. आज गांवोगांव शाळा आहेत. आमच्या मुलांस अक्षर येतें. परंतु घरांतील म्हाताऱ्या आजीला येतें काय? दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईला कोणी शेजारीं बसवून एक अध्याय वाचावयास लावतो काय? आणि ज्यांस येतें, ते तरी शेजाऱ्याबरोबर बसून वाचतात काय? जोन्ससाहेबांस मोठी इमारत लागली नाहीं. एक हिवाळा, एक दिवा, एक पुस्तक, आणि दुसऱ्याची लाज राखणारा एक शिक्षक, एवढ्यावर त्यांचें काम झालें. सुगी आटोपल्यावर प्रत्येक मंडळीनें आठवड्यांतून दोन रात्री तरी असें एकत्र वाचन सुरू करावें, आणि पाठ नेहमींच्या वाचकानें न वाचतां पाळीपाळीनें सर्वांनीं एकेक ओवी वाचावी, अशी आमची कळकळीची विनंति आहे. जो अडखळेल त्याला हंसूं नये, थांबावें. ज्याला मुळींच येत नाहीं, त्याच्या जवळ वाचणारानें बसावें व ओळीवर बोट ठेवावें. शेजारीं मंडळीबाहेरचे कोणी ऐकावयास आले तर त्यांनाही बांकावर जागा द्यावी. प्रभूनें आम्हां सर्वांस एकच ग्रंथ दिला आहे. तो एकाच्या तोंडीं न राहतां सर्वांच्या तोंडीं यावा, आणि त्यायोगें आमच्यामधील भिंती पडाव्यात, हीच प्रार्थना.