दुधनीच्या शांता आपटे

मुलांनो, तुम्ही गाणगापूरला रेल्वेने गेला आहात का? सोलापूर सोडले की होटगी लागते, मग अक्कलकोट रोड लागते आणि गाणगापूरच्या अगोदर दुधनी लागते. दुधनी आपल्याच सोलापूर जिल्ह्यात आहे. अगदी कर्नाटकाच्या हद्दीला. तिथले लोक मराठीपण बोलतात आणि कन्नडपण बोलतात. मी गाणगापूरला जाताना दुधनी स्टेशन खिडकीतून बघितले होते. पण तेव्हा मला माहीत नव्हते की इथे एवढी मोठी नटी जन्मली.

त्यांचे नाव शांता आपटे. त्यांचा जन्म सन १९१६ साली दुधनी येथे झाला. त्यांचे वडील स्टेशन मास्तर होते. त्यांना गाण्याची आवड होती म्हणून ते शांताला गणपतीत गायला उभी करायचे. तेव्हा चांगल्या घरच्या मुलीने लोकांपुढे गायचे नाही असे पुष्कळ लोक म्हणत. पण वडिलांनी ऐकले नाही. मग त्या पंढरपूरला गायन शाळेत गाणे शिकल्या. पंढरपूरपण आपल्याच जिल्ह्यात आहे. वारीला आपण जातो, पण तिथे गायन शाळा होती हे आमच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हते.

सन १९३२ साली त्यांनी श्यामसुंदर या बोलपटात राधेचे काम केले. शाहू मोडक कृष्ण झाले होते. शांताबाई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. तो चित्रपट मुंबईला पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. तेव्हा आताच्यासारखे नव्हते. आता नटी नुसते ओठ हलवते आणि गाणे दुसरीच बाई म्हणते. तेव्हा ज्याचे तोंड त्याचाच गळा. काम करता करताच गायचे. चुकले की परत पहिल्यापासून.

नंतर त्या पुण्याला प्रभात कंपनीत गेल्या. ज्यांनी संत तुकाराम हा चित्रपट काढला तीच ही प्रभात. तिथे त्यांनी १९३४ साली अमृतमंथन, १९३६ साली अमरज्योती आणि १९३८ साली गोपालकृष्ण या चित्रपटांत कामे केली. पण मला सांगायचे आहे ते १९३७ सालच्या कुंकू चित्रपटाचे. तो मी बघितला नाही. आजीने टीव्हीवर बघितला होता. तिने आम्हाला गोष्ट सांगितली.

त्याचे असे झाले. दिवाळीच्या सुट्टीत मामा आले होते. त्यांनी आमच्या ताईला स्थळ आणले. ताई नववीत होती. लग्न लगेच नको, आत्ता नुसती सुपारी फोडून ठेवू, असे मामा म्हणत होते. मुलाचे तालुक्याला दुकान आहे आणि हुंडापण नको आहे. बाबा काही बोलले नाहीत. आईपण भाकरी थापत होती, तीपण बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर आजीने मला आणि ताईला जवळ बसवले आणि कुंकूची गोष्ट सुरू केली. ती आम्हाला सांगत होती पण तिचे तोंड बाबांकडे होते.

गोष्ट अशी आहे. नीरा नावाची मुलगी असते. तिला आईबाप नसतात. मामा-मामी तिला सांभाळतात. ते तिला फसवून एका म्हाताऱ्या वकिलाला देतात. त्यांचे नाव काकासाहेब. त्यांची मुले नीराएवढी मोठी असतात. नीराला कळते तेव्हा लग्न झालेले असते. पण ती रडत बसत नाही. मी तुमची बायको नाही असे ती सरळ सांगते आणि शेवटपर्यंत आपले म्हणणे सोडत नाही. काकासाहेब मिशांना काळा रंग लावतात ते ऐकून मला लई हसू आले, पण ताई हसली नाही. शेवटी काकासाहेबांना आपली चूक कळते आणि ते तिला मोकळी करतात. नीराचे काम शांताबाईंनी केले आणि म्हाताऱ्याचे काम केशवराव दाते यांनी केले. चित्रपट व्ही. शांताराम यांनी काढला. ना. ह. आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवरून तो काढला. हिंदीतपण काढला, त्याचे नाव दुनिया न माने.

आजी म्हणाली की तेव्हाच्या नट्या गाणे म्हणायच्या तेव्हा खांबासारख्या उभ्या राहायच्या. शांताबाई तशा नाहीत. त्या डोळ्यांनी, हातांनी गायच्या. कुंकूमध्ये त्यांनी एक इंग्रजी कवितापण म्हटली आहे, ती लाँगफेलो नावाच्या अमेरिकेतल्या कवीची आहे. आम्हाला इंग्रजी कविता नुसती पाठ करायला आठ दिवस लागतात.

गोष्ट संपल्यावर मी आजीला विचारले की तुझे लग्न झाले तेव्हा तू केवढी होतीस. आजी म्हणाली की परकर-पोलक्यात होते. मग ती उठून अंथरूण घालायला गेली.

बाईंनी सांगितले की शांताबाई चित्रपटातच तशा नव्हत्या, खऱ्यापण तशाच होत्या. सन १९३९ साली त्यांचे आणि कंपनीचे करारावरून भांडण झाले. तेव्हा त्या पुण्याला प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. एवढी नावाजलेली नटी, जिला बघायला लोक तिकीट काढायचे, ती न जेवता फाटकात बसली. मग त्यांनी प्रभात सोडली. आता त्या जागेत सिनेमा शिकवायची सरकारी संस्था आहे. बाबा एकदा कामाला पुण्याला गेले होते, ते म्हणाले की ते फाटक मी बघितले आहे.

पुढच्याच वर्षी म्हणजे १९४० साली त्यांनी पुस्तक लिहिले. त्याचे नाव जाऊ मी सिनेमात? असे आहे. ज्या मुलींना सिनेमात जावेसे वाटते त्यांच्यासाठी ते लिहिले. सिनेमात काय काय शिकावे लागते, पैसा कुणाच्या हातात असतो, काम करणाऱ्याला काय मिळते ते सगळे त्यात आहे. सिनेमा चांगला असतो असेपण नाही आणि वाईट असतो असेपण नाही, खरे काय ते सांगितले. मला पुस्तकाच्या नावातले प्रश्नचिन्ह आवडले. बाईंनी आम्हाला प्रश्नचिन्ह शिकवताना हेच नाव फळ्यावर लिहिले होते.

१९४१ साली त्यांनी मद्रासकडच्या सावित्री या तमिळ चित्रपटात सावित्रीचे काम केले. त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी या मोठ्या गायिका नारद झाल्या होत्या. शांताबाईंना तमिळ येत नव्हते. त्यांनी वर्षभर ते शिकून घेतले आणि स्वतःच्या तोंडाने बोलल्या. मला वाटते लहानपणी दुधनीत कानावर दोन भाषा पडल्या म्हणून त्यांना भीती वाटली नसेल. हे माझे मत आहे, पुस्तकातले नाही. १९४६ साली सुभद्रा चित्रपटात लता मंगेशकर त्यांच्याबरोबर गायल्या. लताबाई तेव्हा लहान होत्या, त्यांचे नाव अजून कुणाला माहीत नव्हते.

नंतर शांताबाईंना कामे कमी कमी मिळत गेली. ता. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी त्या मुंबईला वारल्या. तेव्हा त्या फक्त ४७ वर्षांच्या होत्या. आमच्या आजीपेक्षा पुष्कळ लहान.

दुधनीचे नाव मी नकाशात शोधून पेन्सिलीने गोल केला आहे. तो नकाशा या लेखाच्या शेजारी लावला आहे. बघताना कृपया हात लावू नये.

ताई आता दहावीला आहे. ती एस.टी.ने तालुक्याला जाते. या लेखाचे शुद्धलेखन तिनेच तपासले. स्थळाचे तिने खोडायला सांगितले होते, पण आजी म्हणाली राहू दे. मामा अजून आमच्या घरी आले नाहीत.

इयत्ता ४ थी