जयप्रकाश नारायण

जयप्रकाश नारायण (११ ऑक्टोबर, इ.स. १९०२ – ८ ऑक्टोबर, इ.स. १९७९) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक व समाजवादी नेते होते. ते 'लोकनायक' या नावाने ओळखले जातात.

सिताबदियारा येथे जन्मलेल्या जयप्रकाशांचे उच्च शिक्षण अमेरिकेत झाले. इ.स. १९३२ साली नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन, मिनू मसानी आदींशी झालेल्या विचारविनिमयातून पुढे काँग्रेस समाजवादी पक्ष (इ.स. १९३४) उभा राहिला. इ.स. १९७४ साली त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली.

मूत्रपिंडविकार आणि डायलिसिस

आणीबाणीत, जून १९७५ मध्ये त्यांना अटक झाली. चंदीगड येथे स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबरमध्ये सुटकेनंतर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात हलवून डायलिसिस सुरू करण्यात आले. या उपचाराने रक्तातील टाकाऊ द्रव्ये यंत्राद्वारे काढली जातात. मूळ आजार मात्र बरा होत नाही, त्यामुळे उपचार सतत घ्यावा लागतो. त्या काळी ही सोय मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत होती. जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना ती मोफत मिळावी, यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम इ.स. २०१६ साली सुरू झाला.

जयप्रकाशांच्या डायलिसिस यंत्रासाठी लोकवर्गणी जमवण्यात आली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मदत निधीतून पाठवलेली रक्कम त्यांनी परत केली. डायलिसिसवर असतानाच त्यांनी विरोधी पक्षांना एकत्र आणले आणि इ.स. १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्ष सत्तेवर आला.

मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये उपचार घेत असताना त्यांच्या निधनाची घोषणा संसदेत चुकून करण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाटणा येथे त्यांचे निधन झाले. इ.स. १९९९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न पुरस्कार देण्यात आला.