डॉ. होमी भाभा

डॉ. होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबई येथे झाला. ते विलायतेला शिकले. वडिलांना वाटे मुलाने इंजिनिअर व्हावे, पण त्यांना विज्ञान आवडायचे.

आकाशातून फार बारीक कण सारखे येतात. ते दिसत नाहीत, आपल्या अंगातून आरपार जातात. भाभांनी त्यांचा अभ्यास केला. १९३९ साली ते सुट्टीत घरी आले आणि तिकडे महायुद्ध पेटले. मग त्यांनी आपल्याच देशात काम करायचे ठरवले. १९४५ साली टाटा संस्था काढली. तिथले शास्त्रज्ञ मोठ्या फुग्यांना फोटोच्या काचा बांधून उंच सोडत. नंतर काच धुतली की कणाची रेघ दिसायची.

२४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात भाभा वारले. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राला त्यांचे नाव आहे. अशा थोर शास्त्रज्ञास माझे प्रणाम.

– इयत्ता ४ थी