काकासाहेब कालेलकर

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर ऊर्फ काकासाहेब कालेलकर (१ डिसेंबर १८८५, सातारा – २१ ऑगस्ट १९८१, नवी दिल्ली) हे शिक्षणतज्ज्ञ, पत्रकार, स्वातंत्र्यसैनिक आणि प्रवासवर्णनकार होते. त्यांची मातृभाषा मराठी असली, तरी त्यांचे बहुतेक लेखन गुजरातीत झाले. 'हिमालयनो प्रवास' हे त्यांचे पुस्तक गुजराती प्रवासवाङ्मयातील मानदंड समजले जाते. ते मराठी, हिंदी व इंग्रजीतही लिहीत असत. महात्मा गांधींच्या निकटच्या सहकाऱ्यांपैकी ते एक होते. स्वतंत्र भारतातील पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

घराणे व बालपण

कालेलकर हे आडनाव सावंतवाडीजवळील कालेली या गावावरून आले. पूर्वी सावंतवाडी संस्थानाच्या परिसरात मोडणारे हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. काकासाहेबांचा जन्म मात्र सातारा येथे झाला आणि त्यांचे बालपण एका गावी स्थिरावले नाही. वडील बाळकृष्ण जिवाजी कालेलकर सरकारी हिशेब खात्यात होते. त्यांच्या बदल्यांबरोबर कुटुंब सातारा, बेळगाव, कारवार अशा ठिकाणी फिरत राहिले. बैलगाडीचा लांबचा प्रवास, घाटातील मुक्काम, नदीकाठची देवळे आणि कारवारचा समुद्र या गोष्टी शाळेच्या पुस्तकांआधीच त्यांच्या परिचयाच्या झाल्या. 'स्मरणयात्रा' या आठवणींच्या पुस्तकात हा काळ आला आहे. त्यात अभ्यासापेक्षा वाटेवरचे तपशील अधिक जिवंत उतरले आहेत, हे वाचकाच्या सहज लक्षात येते.

शिक्षण व राष्ट्रीय शाळा

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०७ मध्ये तत्त्वज्ञान विषय घेऊन ते पदवीधर झाले. पुढे त्यांनी कायद्याच्या पहिल्या वर्षाची परीक्षाही दिली. तो बंगालच्या फाळणीनंतरचा, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीचा काळ होता. काकासाहेबांनी वकिलीकडे पाठ फिरविली. काही काळ बेळगावच्या गणेश विद्यालयात काम करून ते 'राष्ट्रमत' या जहाल मराठी दैनिकात गेले. १९१० मध्ये ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक झाले.

बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या प्रेरणेने चालणाऱ्या या शाळेत शिक्षकांना कुटुंबातील नात्यांची नावे देण्याचा प्रघात होता. त्यानुसार कालेलकर 'काका', विठ्ठल लक्ष्मण फडके 'मामा' आणि हरिहर शर्मा 'अण्णा' झाले. ही नावे तिघांनाही आयुष्यभर चिकटली. ब्रिटिश सत्तेच्या दडपणामुळे ही शाळा लवकरच बंद पडली.

हिमालयातील पदयात्रा

शाळा बंद झाली तेव्हा काकासाहेब सव्वीस वर्षांचे होते. लष्करी वा गुप्त मार्गाने स्वराज्य मिळेल ही आशा ओसरत होती, वृत्तपत्र सुटले होते आणि आता शिक्षणाचा प्रयोगही मोडला होता. घरी पत्नी लक्ष्मीबाई व लहान मुले होती. अशा वेळी १९१२ मध्ये ते हिमालयाकडे निघाले. हे निघणे हवापालटासाठी नव्हते. संसार व राजकारण दोन्ही सोडून साधनेत आयुष्य घालवावे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे खराखुरा होता. या निर्णयाचा भार लक्ष्मीबाईंवर पडला. चरित्रलेखनात मात्र त्यांचा उल्लेख ओझरताच येतो.

रामदासी परंपरेतील अनंतबुवा मर्ढेकर आणि पुढे गुजराती लेखक म्हणून ख्यातनाम झालेले स्वामी आनंद हे त्यांचे या यात्रेतील सोबती होते. प्रयाग, काशी, गया अशी क्षेत्रे पाहून ते अल्मोड्याकडे व पुढे यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ आणि बदरीनाथ या धामांकडे वळले. पर्वतातील जवळजवळ सर्व मार्ग त्यांनी पायी तुडविला. हे अंतर दोन हजार मैलांहून अधिक भरल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते.

आज मोटारीने काही दिवसांत उरकणारी ही यात्रा त्या वेळी कशी होती, हे लक्षात घेतल्याशिवाय पुस्तकाची गोडी कळत नाही. रेल्वे हरिद्वार व डेहराडूनपर्यंत पोचलेली होती. त्यापुढे पायवाट होती. वाटेवर ठरावीक अंतराने 'चट्टी' लागे. चट्टी म्हणजे दुकान आणि त्याला जोडलेला निवारा. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप विकत घ्यायचे, त्याच्याच भांड्यांत शिजवायचे आणि रात्री तेथेच पथारी टाकायची, असा रिवाज असे. झोपण्याच्या जागेचे वेगळे पैसे पडत नसत. बाबा काली कमलीवाले यांच्या संस्थेने उभारलेल्या धर्मशाळा हा दुसरा आधार होता. सुमारे ३,५८० मीटर उंचीवरील केदारनाथापर्यंतची चढण यात्रेकरू याच आधारावर पार करीत.

युरोपात त्याच सुमारास सायकलवरून द्राक्षमळे, डोंगर आणि जुनी नगरे पाहत हिंडण्याचा छंद मध्यमवर्गात रुजला होता. फ्रान्समध्ये १८९० साली सायकलस्वारांनी स्थापन केलेल्या तूरिंग क्लबने त्यासाठी नकाशे, मार्गदर्शिका आणि रस्त्यांवरील फलक तयार केले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुणही सायकलींवर जगप्रवासाला निघाले. काकासाहेबांच्या भ्रमंतीची जातकुळी मात्र यात्रेची होती. वाट नवी शोधायची नव्हती. शतकानुशतके मळलेल्या वाटेवरून चालताना सोबतचे लोक, त्यांच्या बोली आणि त्यांची श्रद्धा पाहायची होती. प्रवासातून लाभणाऱ्या या ओळखीला ते देशदर्शन मानीत, आणि पायी चालणे हा त्यांच्या लेखी त्याचा सर्वांत विश्वासू मार्ग होता.

हिमालयात ते कायमचे राहिले नाहीत. एकांतातील मुक्तीपेक्षा लोकांत राहून करावयाचे काम त्यांना अधिक ओढीत होते, हे या यात्रेतूनच त्यांना उमगले. यात्रेचे वर्णन त्यांनी लगेच लिहिले नाही. काही वर्षांनी, साबरमती आश्रमातील विद्यार्थ्यांच्या हस्तलिखित नियतकालिकासाठी त्यांनी ते आठवणीने गुजरातीत लिहून काढले. १९२४ मध्ये 'हिमालयनो प्रवास' या नावाने ते पुस्तकरूपात आले. मुलांसाठी लिहिलेले असल्याने वाक्ये साधी व विनोद प्रसन्न आहे. देवस्थानांच्या माहात्म्याइतकीच जागा थंडी, भूक, वाटाडे व सहप्रवाशांच्या लकबी यांना मिळाली आहे.

शांतिनिकेतन ते साबरमती

१९१३ मध्ये त्यांनी आचार्य कृपलानी यांच्यासमवेत ब्रह्मदेशाचा प्रवास केला. त्यानंतर ते रवींद्रनाथ ठाकूरांच्या शांतिनिकेतनात अध्यापन करू लागले. दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी फेब्रुवारी १९१५ मध्ये तेथे आले आणि दोघांची भेट झाली. विद्यार्थी व शिक्षकांनी स्वतःच स्वयंपाक करावा, या गांधीजींच्या सूचनेने तेथे बरीच चर्चा झाली; काकासाहेब या प्रयोगाच्या बाजूने होते. पुढे ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले आणि तेथील राष्ट्रीय शाळेत शिकवू लागले.

१९२० मध्ये स्थापन झालेल्या गुजरात विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता; १९२८ पासून ते विद्यापीठाचे कुलनायक होते. गुजराती शब्दांचे लेखन एकसारखे करणारा 'जोडणीकोश' १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कामातही ते अग्रभागी होते. एका मराठी माणसाने गुजरातीची शुद्धलेखनपद्धती ठरविण्यात पुढाकार घ्यावा, ही घटना भारतीय भाषांच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणून गौरविले. महाराष्ट्रात मात्र ते बराच काळ अनुवादांतून वाचले गेले. 'हिंडलग्याचा प्रसाद', 'लाटांचे तांडव' ही त्यांची मराठी पुस्तके आहेत. त्यांतील पहिल्याच्या नावात बेळगावजवळील हिंडलगा तुरुंग आहे.

तुरुंगातील लेखन

राष्ट्रीय चळवळीत त्यांना अनेकदा कारावास घडला. १९२३ मधील साबरमती तुरुंगातील दिवसांवर त्यांनी 'ओतराती दीवालो', म्हणजे उत्तरेकडील भिंती, हे छोटे पुस्तक लिहिले. राजकीय कैद्याच्या पुस्तकात अपेक्षित असलेली तक्रार त्यात जवळजवळ नाही. मुंग्यांच्या रांगा, खारी, कावळे, मांजरे आणि भिंतीवरून सरकणारे ऊन हाच त्याचा विषय आहे. चालण्याची सवय असलेल्या माणसाला चार भिंतींत कोंडले असता नजर कशी फिरू लागते, याचा हा उत्तम नमुना होय. हिमालयाच्या पुस्तकाइतका तो प्रसिद्ध नाही, पण त्याहून कमी मोलाचाही नाही.

१९३० मध्ये येरवडा तुरुंगात त्यांना गांधीजींच्या सोबतीस ठेवण्यात आले होते. काकासाहेबांना आकाशदर्शनाचा नाद होता; तो पुढे गांधीजींनाही लागला. येरवड्यातील या सहवासाच्या आठवणी 'मीठाने प्रतापे' या पुस्तकात आहेत.

नद्यांवरील लेखन

'लोकमाता' (१९३४) हा भारतीय नद्यांवरील ललित निबंधांचा संग्रह आहे. साताऱ्याजवळ माहुली येथे वेण्णेला भेटणारी कृष्णा आणि बेळगावजवळची लहानशी मार्कंडी यांना त्यात गंगा-यमुनेच्या बरोबरीने स्थान मिळाले. बालपणीची नदी छोटी असली तरी तिचा मान मोठा, अशी त्यांची धारणा दिसते. १९२७ मध्ये गांधीजींबरोबर कर्नाटकात असताना त्यांनी शरावतीवरील गिरसप्पाचा (जोगचा) धबधबा पाहिला. जवळ असूनही गांधीजी तेथे गेले नाहीत. काकासाहेबांनी या प्रसंगाचे वर्णन तक्रारीच्या सुरात केलेले नाही, तरी गुरू-शिष्यांच्या स्वभावातील अंतर त्यातून कळते. नद्या, धबधबे व समुद्र यांवरील हे सर्व लेखन पुढे 'जीवनलीला' या विस्तृत ग्रंथात एकत्र झाले.

मागासवर्ग आयोग

१९५२ ते १९६४ या काळात काकासाहेब राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. २९ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपतींनी त्यांच्या अध्यक्षतेखाली पहिला मागासवर्ग आयोग नेमला. देशभर दौरे व साक्षी यांनंतर ३० मार्च १९५५ रोजी अहवाल सादर झाला. त्यात २,३९९ जाती-समूह मागास मानले गेले व त्यांपैकी ८३७ अतिमागास ठरविण्यात आले. तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणसंस्थांतील ७० टक्के जागा पात्र मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात आणि सर्व स्त्रियांना एक वर्ग म्हणून मागास मानावे, अशाही शिफारशी होत्या.

अहवालासोबत राष्ट्रपतींना लिहिलेल्या दीर्घ पत्रात मात्र अध्यक्षांनीच जात या निकषाबद्दल तीव्र शंका व्यक्त केल्या. जातीच्या आधारे दिलेली मदत जातिभेद अधिक घट्ट करील, असे त्यांचे मत बनले होते. केंद्र सरकारने अहवाल स्वीकारला नाही. स्वतःच्या आयोगाचे काम काकासाहेबांनी स्वतःच दुबळे केले, ही टीका तेव्हापासून होत आली आहे आणि ती निराधार नाही. मागास समाजांची अवस्था त्यांनी दौऱ्यांत जवळून पाहिली होती. तरीही उपायाच्या प्रश्नावर त्यांचे मन अखेरच्या टप्प्यावर मागे फिरले. पुढील आयोग १९७९ मध्ये बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांच्या अध्यक्षतेखाली आला.

परदेश प्रवास व उत्तरकाल

स्वातंत्र्यानंतर त्यांनी पूर्व आफ्रिका, मॉरिशस, जपान, युरोप, अमेरिका असा विस्तृत प्रवास केला. जपानला ते अनेकदा गेले. 'पूर्व आफ्रिकामां' आणि जपानवरील 'उगमणो देश' ही या काळातील पुस्तके होत. वेग व साधने बदलल्याने हिमालयाच्या पुस्तकातील सावकाशी त्यांत तितकी उरलेली नाही.

१९६४ मध्ये त्यांना पद्मविभूषण आणि १९६५ मध्ये 'जीवनव्यवस्था' या गुजराती ग्रंथासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोव्याचे कोकणी लेखक व पुढे ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरलेले रवींद्र केळेकर हे त्यांच्या निकटच्या सहवासात घडले. केळेकरांच्या 'हिमालयांत' या कोकणी प्रवासवर्णनालाही साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

काकासाहेबांचे अखेरचे वास्तव्य दिल्लीत राजघाटाजवळील 'सन्निधी' येथे होते. तेथेच वयाच्या ९६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे मूळ गाव ज्यात येते, तो ओरोस येथे मुख्यालय असलेला सिंधुदुर्ग जिल्हा त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला होता. भारतीय टपाल खात्याने १९८५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.