अंधाराचा गवंडी

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी भूतबंगल्याचा तंबू येतो. तिकीट काढून आत शिरले की पहिल्याच पावलाला एक सांगाडा अंगावर येतो, आणि तिथेच सगळा खेळ फसतो. बाहेरच्या पाळण्याचा उजेड अजून डोळ्यांत असतो, भोंग्याचा आवाज कानात असतो. लोक हसत आत जातात आणि हसतच बाहेर येतात. असे का होते, हे मला फार उशिरा कळले. तेही इतिहासाच्या तासाला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचे पॅरिस शिकवताना सरांनी एत्येन-गास्पार रोबेर ऊर्फ रॉबर्टसन या माणसाचा ओझरता उल्लेख केला. मग ग्रंथालयात बसून मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. भुते दाखवणारा म्हणून तो युरोपभर गाजला. पण मला तो अधिक करून घर बांधणारा वाटतो.

रॉबर्टसनचा जन्म १७६३ साली लिएज येथे झाला. हे शहर आज बेल्जियममध्ये आहे. त्याला व्हायचे होते चित्रकार. शिकला मात्र पदार्थविज्ञान. लहानपणी सैतानावर त्याचा पक्का विश्वास होता आणि त्याला बोलावण्याचे प्रयोगही त्याने करून पाहिले. सैतान काही आला नाही. तेव्हा आपणच सैतान तयार करावेत असे त्याच्या मनाने घेतले, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. १७९१ मध्ये तो पॅरिसला आला. १७९६ मध्ये मोठमोठे आरसे लावून इंग्रजांची गलबते जाळण्याची योजना त्याने सरकारपुढे मांडली. सरकारने ती बाजूला ठेवली. तेव्हा तो भुतांकडे वळला.

त्याचे साधन होते मॅजिक लँटर्न. काचेवर रंगवलेले चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडायचे, एवढेच ते यंत्र. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने दाखवला तो खेळ याच यंत्राचा. रॉबर्टसनच्या काळीही ते नवे नव्हते. भुतांचे खेळसुद्धा त्याच्या आधी, १७९२-९३ मध्ये, फिलिडोर नावाच्या जादूगाराने पॅरिसमध्ये करून दाखवले होते. तेव्हा कल्पना याची एकट्याची म्हणता येणार नाही.

२३ जानेवारी १७९८ रोजी रॉबर्टसनने पॅरिसमध्ये पहिला प्रयोग केला. गिलोटिनचा कहर संपून तेव्हा चार वर्षेही पुरी झाली नव्हती. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरातले कोणी ना कोणी गेलेले असणार. एका प्रयोगात कोणीतरी सोळाव्या लुईला बोलवा अशी मागणी केली. ती विद्या आपल्याजवळ होती, पण आता हरवली, अशा अर्थाचे उत्तर देऊन रॉबर्टसनने वेळ मारून नेली. तरी व्हायचे तेच झाले. राजाला परत आणणारा माणूस म्हणून सरकारला संशय आला आणि खेळ बंद पडला. मग तो काही काळ बोर्दो येथे जाऊन राहिला.

परत आला तो जागेचा विचार करूनच. १७९९ च्या जानेवारीत त्याने प्लास व्हांदोमजवळचा कापुसिन जोगिणींचा मठ खेळासाठी घेतला. क्रांतीत जोगिणींना बाहेर पडावे लागले होते आणि वास्तू ओस पडली होती. या मठाचा त्याने जो उपयोग केला, तो मला त्याच्या यंत्रापेक्षा मोठा वाटतो.

प्रेक्षक रस्त्यावरून आला की त्याला एकदम खेळाच्या दालनात नेत नसत. आधी अंगण, मग जुन्या मठाच्या मंद उजेडाच्या ओवऱ्या, त्यांच्या भिंतींवर चित्रविचित्र आकृती. तिथून विज्ञानाच्या दालनात. तिथे विजेचे प्रयोग, वेडीवाकडी रूपे दाखवणारे आरसे, आणि एक ‘अदृश्य स्त्री’. काचेची रिकामी पेटी टांगलेली दिसे आणि तिच्यातून बाईचा आवाज येई. खरे म्हणजे आवाज दुरून नळीने आणलेला असे. इथे माणूस घाबरत नसे. आपले डोळे आणि कान आपल्याला फसवू शकतात, एवढे मात्र त्याच्या मनावर ठसे. नंतर गूढ चिन्हांनी रंगवलेले दार, आणि दारापलीकडे काळ्या कापडाने मढवलेले दालन. छताला टांगलेला एकच मिणमिणता दिवा. सगळे बसले की रॉबर्टसन उभा राहून बोले. हे सर्व विज्ञान आहे, भुते नसतात, मांत्रिक आणि पुरोहित यांनी आजवर लोकांना फसवले, असा त्याच्या बोलण्याचा रोख असे. मग तो दिवा आपोआप विझे. पाऊस, मेघगर्जना, घंटा यांचे आवाज येत. पाण्याने भिजवलेल्या बोटांनी वाजवायचे काचेचे वाद्य सुरू होई. आणि तेव्हा कुठे लांबवर एक ठिपका दिसू लागे.

ठिपका वाढत वाढत अंगावर येई. यात कसब होते. सुमारे वीस फूट चौरस पांढरे कापड खळ-गोंदाने पारदर्शक करून ताणून बसवलेले असे, आणि अंधार होईपर्यंत काळ्या पडद्याआड झाकलेले असे. कंदील प्रेक्षकांच्या मागे नव्हे, त्या कापडाच्या पलीकडे, चाकांच्या गाड्यावर. गाडा मागे ओढला की चित्र मोठे होई, जवळ आणला की लहान. त्याच वेळी भिंग सरकवून ते स्पष्ट ठेवायचे. काचेवर आकृतीभोवतीची सगळी जागा काळी रंगवलेली, त्यामुळे चौकट दिसत नसे. मेडुसाचे डोके अधांतरी तरंगे. मारा, रूसो, व्हॉल्टेअर यांचे चेहरे येत. फिट्झ-जेम्स नावाचा शब्दभ्रमकार आवाज पुरवी. पण हा गाडा जत्रेतल्या आमच्या तंबूत नेऊन ठेवला असता तर कोण घाबरले असते? अंगण, ओवरी, विजेचे दालन आणि काळी खोली ओलांडता ओलांडता माणूस स्वतःच आपली भीती तयार करत आणी. रॉबर्टसन तिला फक्त चेहरा देई.

हे मला इतके जवळचे का वाटले ते सांगायला हवे. माझे वडील गवंडी आहेत. आमच्या भागातल्या एका देवऋषीची खोली त्यांनी बांधली. मी तेव्हा चौथीत होतो. दार मुद्दाम बुटके ठेवायला सांगितले होते, वाकल्याशिवाय कोणी आत जाऊ नये म्हणून. आत लगेच खोली नाही. एक अरुंद बोळ, त्याला वळण, आणि वळणानंतर खिडकी नसलेली जागा. लोकांना बाहेरच्या ओट्यावर तास-तास बसवून ठेवत. वडिलांना प्रत्येक वीट माहीत होती. पुढच्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचा ताप आठवडाभर उतरला नाही, तेव्हा तिला खांद्यावर घेऊन तेच वडील त्याच दारातून वाकून आत गेले. मी मागे होतो. स्वतः बांधलेल्या बोळात त्यांचे पाय अडखळताना मी पाहिले. तीन दिवस अंगारा लावण्यात गेले. मग तिला तालुक्याच्या दवाखान्यात हलवावे लागले. ती वाचली. या गोष्टीवर आमच्या घरात कोणी बोलत नाही.

म्हणून, हे सगळे खोटे आहे असे आधीच सांगून टाकणारा रॉबर्टसन मला आवडतो. मात्र एक शंका मनातून जात नाही. खोटे म्हणून सांगितले तरी लोक घाबरतच होते. मग त्या भाषणाने भीती कमी झाली, की पाहणाऱ्याला बेसावध करायला तेही एक दालनच होते? मला वाटते, दोन्ही खरे असावे.

पुढचे आयुष्य भराभर सांगण्यासारखे आहे. त्याच्याकडे पूर्वी काम केलेल्या माणसांनी तसाच खेळ सुरू केला तेव्हा त्याने त्यांना न्यायालयात खेचले. यंत्राचे पेटंट त्याच्याजवळ होते. पण खटल्यात गुपित उघडे झाले आणि युरोपभर नकला निघाल्या. मग तो विमानाकडे, म्हणजे तेव्हाच्या फुग्याकडे वळला. १८ जुलै १८०३ रोजी हँबुर्गहून त्याने फार उंच उड्डाण केले. १८०४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जाखारोव या शास्त्रज्ञाबरोबर हवेचे नमुने घेण्यासाठी पुन्हा वर गेला. १८३१ ते १८३३ या काळात आत्मचरित्राचे दोन खंड प्रसिद्ध झाले आणि १८३७ मध्ये तो वारला. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्याची कबर आहे. तिच्या एका बाजूला सांगाडे आणि घाबरलेली माणसे कोरली आहेत, दुसऱ्या बाजूला वर जाणारा फुगा आणि माना उंचावून पाहणारी गर्दी.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडिलांना हे सगळे सांगितले. मठाच्या ओवऱ्या मी पाटीवर काढून दाखवल्या. त्यांनी लक्ष देऊन पाहिल्या आणि एकच विचारले : खेळ संपल्यावर तो लोकांना कापडामागे नेऊन कंदील दाखवत होता का? नाही, असे मला सांगावे लागले. कंदील बाहेर आला तो खटल्यामुळे. वडील काही बोलले नाहीत. पाटी पुसून त्यांनी ती माझ्या बहिणीला परत दिली.