गारिंचा

मानुएल फ्रांसिस्को दोस सांतोस ऊर्फ गारिंचा (२८ ऑक्टोबर, १९३३ : पाउ ग्रांदे, ब्राझील – २० जानेवारी, १९८३ : रियो दि जानेरो, ब्राझील) हे ब्राझीलचे फुटबॉलपटू होते. उजव्या बगलेवरून खेळणारे हे आघाडीपटू चेंडू पायाशी खेळवत प्रतिस्पर्ध्याला चकवण्याच्या कलेत अद्वितीय मानले जातात. १९५८ आणि १९६२ सालचे विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या संघांत त्यांचा मोलाचा वाटा होता. ब्राझीलमध्ये ते ‘लोकांचा आनंद’ या बिरुदाने ओळखले जात.

बालपण

गारिंचा यांचा जन्म रियो दि जानेरो राज्यातील माजे नगरपालिकेच्या हद्दीतील पाउ ग्रांदे या गावी एका गरीब कुटुंबात झाला. गावाचे सारे जीवन तेथील कापड गिरणीभोवती फिरत असे. वडील मद्याच्या आहारी गेलेले होते आणि पुढे तेच व्यसन मुलालाही जडले. लहानखुऱ्या चणीमुळे बहिणीने त्यांना गारिंचा या छोट्या पक्ष्याचे नाव दिले व तेच कायम झाले. त्यांचे दोन्ही पाय जन्मतः वाकडे होते. उजवा पाय आत व डावा बाहेर वळलेला होता आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता. चौदाव्या वर्षी ते गिरणीत कामाला लागले. पण कामापेक्षा गिरणीच्या संघातील खेळासाठीच ते अधिक परिचित होते.

क्लब कारकीर्द

१९५३ साली रियोतील बोताफोगो क्लबच्या चाचणीत गारिंचा यांच्यासमोर राष्ट्रीय संघातील बचावपटू निल्तॉन सांतोस उभे होते. या अनोळखी तरुणाने त्यांना सहज चकवले, तेव्हा त्याला तत्काळ करारबद्ध करावे असा आग्रह स्वतः निल्तॉन यांनीच धरला. त्याच वर्षी जुलैमध्ये बोंसुसेसोविरुद्धच्या पदार्पणाच्या सामन्यात गारिंचा यांनी ३ गोल केले. बोताफोगोने १९५७, १९६१ व १९६२ साली रियोचे राज्य विजेतेपद मिळवले. या क्लबकडून ते ६०० हून अधिक सामने खेळले.

उजवीकडे झुकून पळण्याचा आभास निर्माण करणे, थांबणे आणि पुन्हा त्याच बाजूने निसटणे ही त्यांची चाल साऱ्यांना ठाऊक असे. तरीही ती अडवणे बचावपटूंना क्वचितच साधे. पैशाच्या व्यवहारात मात्र ते अत्यंत भोळे होते. करारातील रक्कम न पाहताच ते सही करीत. परदेश दौऱ्यांत क्लबला मिळणारे मानधन त्यांच्या सहभागावर अवलंबून असल्याने गुडघा दुखावलेला असतानाही त्यांना इंजेक्शन देऊन खेळवले जाई. १९६४ साली गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, परंतु पूर्वीचा वेग परत आला नाही. १९६६ साली ते कोरिंथियान्स क्लबमध्ये गेले. पुढे फ्लामेंगो व ओलारिया या क्लबांकडूनही ते खेळले.

राष्ट्रीय संघ

१९५५ साली चिलीविरुद्ध त्यांनी ब्राझीलकडून पहिला सामना खेळला. १९५८ च्या विश्वचषकापूर्वी संघाच्या मानसशास्त्रज्ञाने पेले व गारिंचा या दोघांनाही अशा स्पर्धेसाठी अयोग्य ठरवले होते. प्रशिक्षक विसेंते फेओला यांनी हे मत मानले नाही. तथापि पहिल्या दोन सामन्यांत गारिंचा यांना संधी मिळाली नाही. १५ जून रोजी गोथेनबर्ग येथे सोव्हिएत संघाविरुद्ध ते प्रथम उतरले. पहिल्याच मिनिटाला त्यांचा फटका गोलखांबावर आदळला आणि तिसऱ्या मिनिटाला वावा यांनी गोल केला. अंतिम सामन्यात यजमान स्वीडनने आघाडी घेतल्यानंतर वावा यांचे दोन्ही गोल गारिंचा यांनी उजवीकडून दिलेल्या चेंडूंवर झाले. ब्राझीलने तो सामना ५-२ असा जिंकला.

१९६२ साली चिलीतील स्पर्धेत पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाले आणि संघाचा भार गारिंचा यांच्यावर आला. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध आणि उपांत्य फेरीत चिलीविरुद्ध त्यांनी प्रत्येकी २ गोल केले. चिलीविरुद्धच्या सामन्यात त्यांना मैदानाबाहेर काढण्यात आले, तरी अंतिम सामना खेळण्याची परवानगी मिळाली. अंगात ताप असतानाही ते त्या सामन्यात उतरले. ब्राझीलने चेकोस्लोव्हाकियाचा ३-१ असा पराभव केला. त्या स्पर्धेतील ते सर्वोत्कृष्ट खेळाडू मानले जातात.

१९६६ च्या विश्वचषकात हंगेरीविरुद्धचा पराभूत सामना हा राष्ट्रीय संघाकडून त्यांचा शेवटचा सामना ठरला. ५० सामन्यांतील तो त्यांचा एकमेव पराभव होय. पेले व गारिंचा दोघेही मैदानात असताना ब्राझील कधीही हरला नाही.

वैयक्तिक जीवन

गावातील नायर यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्यांना आठ मुली झाल्या. पुढे प्रख्यात सांबा गायिका एल्झा सोआरेस यांच्यासाठी त्यांनी कुटुंब सोडले. लोकांचा रोष प्रामुख्याने एल्झा यांनाच सहन करावा लागला. एप्रिल १९६९ मध्ये गारिंचा चालवत असलेल्या मोटारीला अपघात होऊन एल्झा यांच्या आईचे निधन झाले. त्यानंतर ते नैराश्याने ग्रासले आणि मद्यपान वाढत गेले. १९७७ साली दोघे विभक्त झाले.

१९ डिसेंबर, १९७३ रोजी माराकाना मैदानावर त्यांच्या मदतीसाठी निरोपाचा सामना झाला. त्याला सुमारे १ लाख ३० हजार प्रेक्षक उपस्थित होते. परंतु या मदतीने त्यांची विपन्नावस्था संपली नाही. १९८० च्या कार्निव्हलमध्ये मांगेइरा सांबा मंडळाच्या चित्ररथावर बसवलेले गारिंचा भोवतालाचे भान हरपलेले दिसत होते.

मृत्यू व स्मृती

यकृताच्या विकाराने वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पार्थिव माराकाना मैदानावर ठेवण्यात आले आणि नंतर अग्निशमन दलाच्या वाहनातून पाउ ग्रांदे येथे नेण्यात आले. वाटेत दुतर्फा लोकांची दाटी झाली होती. माजे येथील दफनभूमीत त्यांचा अंत्यविधी झाला. मात्र त्यांचे अवशेष नेमके कोठे आहेत, हे २०१७ साली दफनभूमीच्या प्रशासनाला खात्रीने सांगता आले नाही.

ब्राझिलिया येथील राष्ट्रीय मैदानाला माने गारिंचा यांचे नाव देण्यात आले आहे. १९९५ साली रुय कास्त्रो यांनी लिहिलेले त्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध झाले. १९९८ साली जाहीर झालेल्या विसाव्या शतकाच्या विश्वसंघात त्यांची निवड झाली.