न्यायमूर्ति लुई ब्रँडाइस

वकिलाचा धंदा लोकांच्या भांडणावर चालतो, असा सर्वसाधारण समज आहे. आणि तो अगदींच खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु भांडणाच्या मुळाशीं जाऊन तें मूळच उपटून टाकण्यांत ज्यांनीं आपली विद्या खर्चिली, अशा एका वकिलाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

लुई ब्रँडाइस यांचा जन्म अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत लुईव्हिल शहरीं १३ नोव्हेंबर १८५६ रोजीं झाला. त्यांचे आईबाप प्रागचे यहुदी. युरोपांतील १८४८ च्या क्रांतीनंतर ते अमेरिकेस येऊन राहिले. वडील धान्याचा व्यापार करीत. मामा वकील असून गुलामगिरीचे कट्टे विरोधक होते. त्यांच्याविषयींच्या आदरानें लुई यांनीं मामांचें डेंबिट्झ हें आडनांव आपल्या नांवांत घेतलें. १८७५ सालीं ते हार्वर्ड येथें कायदा शिकूं लागले. तेथें अतिवाचनानें त्यांचे डोळे अधू झाले. तेव्हां सोबत्यांनीं पुस्तकें वाचून दाखवावीं आणि यांनीं तीं ऐकून स्मरणांत ठेवावीं, असा क्रम सुरू झाला. तरीहि १८७७ सालीं ते वर्गांत पहिले आले. त्या वेळीं त्यांना एकवीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

१८७९ सालीं बॉस्टन येथें त्यांनीं एका सोबत्याबरोबर वकिली मांडली. व्यापारी व कारखानदार त्यांच्याकडे येत. पक्षकाराचा धंदा पक्षकाराइतकाच जाणावा, असा त्यांचा नेम असे. १९०२ च्या सुमारास मॅकएल्वेन नांवाच्या जोड्यांच्या कारखानदाराचा कामगारांशीं तंटा पडला. मजुरी कमी करावी असें मालकाचें म्हणणें. कामगार तें मान्य करीनात. कामगारांस मजुरी चांगली मिळते, असें मालक सांगे, आणि तें खरेंहि होतें. परंतु ती वर्षांतून किती दिवस मिळते, याचा तपास ब्रँडाइस यांनीं केला. तेव्हां असें दिसून आलें कीं, मागणी हंगामी असल्यामुळें कामगारांना वर्षांतून अनेक आठवडे रिकामें बसावें लागे. मागण्या आगाऊ घेऊन काम वर्षभर सारखें वांटावें, असा मार्ग त्यांनीं सुचविला. मालकानें तो पतकरला.

पुढें ऑरेगन संस्थानानें केलेल्या एका कायद्याचा प्रश्न निघाला. धुलाईच्या व इतर कारखान्यांत स्त्रियांकडून दिवसास दहा तासांहून अधिक काम घेऊं नये, असा तो कायदा होता. तो मोडल्याबद्दल एका धुलाई कारखान्याच्या मालकास दहा डॉलर दंड झाला व तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. १९०५ सालींच त्या न्यायालयानें भटारखान्यांतील कामगारांचे तास ठरविणारा न्यूयॉर्कचा कायदा रद्द केला होता, त्यामुळें यश दुर्घट दिसत होतें. ब्रँडाइस यांनीं फी न घेतां ऑरेगनचें काम चालविलें. त्यांच्या शंभरावर पानांच्या निवेदनांत कायद्याचा काथ्याकूट अवघा दोन पानें. बाकी सारी दीर्घ श्रमानें प्रकृतीवर होणाऱ्या परिणामांची माहिती. ती त्यांच्या मेहुणी जोसेफाइन गोल्डमार्क यांनीं सोबतिणींच्या साह्यानें जमविली होती. १९०८ सालीं न्यायालयानें एकमतानें कायदा उचलून धरला. मात्र स्त्री दुर्बल आहे, हा जो आधार त्यांत घेतला होता, तो पुढें स्त्रियांना कांहीं कामांपासून दूर ठेवण्यासहि वापरला गेला, हें सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

१९१० सालीं न्यूयॉर्क येथें स्त्रियांचे कोट व झगे शिवणाऱ्या सुमारें ६०,००० कामगारांनीं संप केला. संघाचेच लोक कामावर घ्यावे असा कामगारांचा हट्ट, तर तें मुळींच होणार नाहीं असा मालकांचा. सारखें कसब असल्यास संघाच्या माणसास आधीं घ्यावें, अशी मधली वाट मध्यस्थ ब्रँडाइस यांनीं काढली. बोलणें एकदां फिसकटलें. तथापि शेवटीं २ सप्टेंबरला करार झाला. आठवड्यास पन्नास तास काम ठरलें आणि तंटे मिटविण्यासाठीं उभयपक्षांचीं मंडळें नेमण्यांत आलीं. हा करार १९१६ पर्यंतच टिकला. परंतु संपावांचून तंटा मिटूं शकतो, हें लोकांना दिसलें.

१९१६ च्या जानेवारींत राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनीं त्यांस सर्वोच्च न्यायालयावर नेमण्याचें योजिलें. तोंपर्यंत तेथें कोणीहि यहुदी बसला नव्हता. बडे धनिक व नामांकित वकील विरुद्ध उठले आणि चार महिने वाद माजला. अखेर १ जून रोजीं ४७ विरुद्ध २२ मतांनीं नेमणूक मंजूर झाली. १९३९ पर्यंत त्यांनीं तें पद भूषविलें. ५ ऑक्टोबर १९४१ रोजीं वॉशिंग्टन येथें त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी वकील होईल, कोणी कारखान्यांत नोकरी करील, कोणी मालकहि होईल. कोणत्याहि भांडणांत आपला पक्ष मांडण्याआधीं खरी हकीकत काय आहे ती शोधावी, आणि दुसऱ्याचे दिवस कसे जातात हें विचारावें, एवढा धडा या चरित्रांतून तुम्हीं घेतला, तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें.